जुन्या उष्णतामापकाचा भरवसा

उष्णतेच्या अंशावर ज्यांचे यश अवलंबून असते अशी घरगुती व निमघरगुती कामे सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ आणि आसपासच्या गावांत आजही पुष्कळ चालतात : दुधाला विरजण लावणे, जोंधळ्याच्या पिठाची आंबील आंबवणे, उसाचा रस आटवून काकवी किंवा गूळ करणे, संकलन केंद्रावर दुधाची प्रत पारखणे. ही कामे पिढ्यान्‌पिढ्या बोटाच्या स्पर्शाने, पाकाच्या तारेने आणि वासाच्या अंदाजाने होत आली. परंतु पुढे त्यांच्या जोडीला काचेच्या नळीतला पारा आला, आणि एखाद्या प्रयोगशाळेतून, मोडीत निघालेल्या शाळेच्या सामानातून किंवा जुन्या बाजारातून असा थर्मामीटर घरात येऊन पडला की त्याच्याविषयी दोनच मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, जुन्या काळची वस्तू आहे, खोटे सांगायची नाही. कोणी म्हणतो, पारा तुटलेला दिसतो, टाकून द्या. दोन्ही मते पुराव्यावाचून दिलेली असतात, आणि या यंत्राच्या आधारावर दुधाचे अथवा रसाचे मोल ठरत असल्यामुळे त्याच्या दुरुस्तीचा व भरवशाचा प्रश्न एकवार साकल्याने तपासणे मला अवश्य वाटते.

हा प्रश्न कसोशीने विचारला गेला तो बिअर करण्याच्या धंद्यात. जवाला मोड आणून तो वाळवून भरडल्यावर कढत पाण्यात भिजत ठेवतात, आणि त्या मिश्रणाची उष्णता सुमारे ६२ ते ६८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिली तरच धान्यातील किण्वद्रव्ये पिठाची साखर करतात. दोनचार अंश वर गेले की ती निकामी होऊ लागतात, दोनचार अंश खाली राहिले की काम रेंगाळते. तरीही इंग्लंडातील जुने कारागीर वाफ विरळ होऊन पाण्यात आपला चेहरा दिसतो की नाही यावरून निर्णय करीत असत. मायकेल कॉम्ब्रून या मद्यनिर्मात्याने १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात थर्मामीटरचा आग्रहाने पुरस्कार केला, आणि जेम्स बेव्हरस्टॉक या तरुणाला तर आरंभी तो वडिलांच्या नजरेआड वापरावा लागला. परंतु यंत्र हाती आल्यावर त्या यंत्रावर कितपत विसंबावे, हा पुढचा आणि अधिक सूक्ष्म प्रश्न ज्याने स्वतः धीराने सोडवला तो जेम्स प्रेस्कॉट ज्यूल होय. सॅलफर्ड येथील एका मद्यशाळेच्या मालकाच्या घरी १८१८ साली तो जन्मला, आणि उष्णता व यांत्रिक कार्य यांचे नाते ठरवणारे त्याचे प्रयोग अंशाच्या अत्यल्प भागापर्यंत वाचता येणाऱ्या पाऱ्याच्या थर्मामीटरांवर उभे होते. त्यांपैकी एका थर्मामीटरचा बर्फातील शून्यबिंदू त्याने १८४४ पासून १८८२ पर्यंत पुनःपुन्हा तपासला, तेव्हा असे आढळले की अडतीस वर्षांत तो बिंदू सुमारे एक अंश फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसच्या अर्ध्या अंशाहून किंचित अधिक, वर चढला होता, आणि त्या चढाचा मोठा भाग पहिल्या दहाबारा वर्षांतच झाला होता. जुन्या थर्मामीटरविषयी जेवढे ज्ञान सामान्य माणसाला लागते त्याचा गाभा या एका नोंदीत आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचे क्षेत्र निराळे आहे, ते कायद्यामुळे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने मद्यनिर्मिती सरकारी परवान्याच्या अंमलाखाली आणली आणि १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाने ती बंधने अधिक कडक केली. परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या उपयोगापुरते का असेना. ज्यांना या शास्त्राची ओढ आहे त्यांना परवानाधारक मद्यशाळा आहेत, आणि पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये किण्वनाचे रीतसर शिक्षणही मिळते. जाता जाता एवढे सांगितले पाहिजे की मालदांडी ३५-१ या ज्या विख्यात रब्बी ज्वारीचे नाव मोहोळच्या संशोधन केंद्राशी कायमचे जोडले गेले आहे, त्या ज्वारीची बिअर परवाना घेऊन कोणी करावयास गेला तर त्याला थर्मामीटरची गरज जव वापरणाऱ्याहून अधिक पडेल. कारण ज्वारीचे पीठ पाण्यात फुलून मऊ होण्यास सत्तर अंशांच्या आसपासची उष्णता मागते, आणि त्या उष्णतेला साखर करणारी किण्वद्रव्ये तग धरीत नाहीत, म्हणून तेथे दोन निरनिराळ्या अंशांवर दोन निरनिराळ्या अवस्था सांभाळाव्या लागतात. आफ्रिकेतील अनेक देशांत ज्वारीची बिअर होते ती हे गणित सांभाळूनच. आमच्या आंबिलीला मात्र इतकी काटेकोरी लागत नाही. पीठ ताकात रात्रभर राहिले आणि सकाळी शिजले म्हणजे तिचे काम झाले, आणि तिच्यासाठी थर्मामीटर शोधत बसणे व्यर्थ होय.

विरजणाची गोष्ट वेगळी. दूध ४० ते ४३ अंशांवर असताना विरजण पडले तर दही घट्ट लागते; पन्नासाच्या वर गेलेल्या दुधात विरजणातील जंतूंची हानी होते, आणि तिशीच्या खाली थंडीच्या रात्री ते सुस्त राहतात. मोहोळच्या वैशाखात प्रश्न उलटा होतो : दुपारी हवाच चाळीस अंशांच्या वर असल्याने दही चारपाच तासांत लागून लगेच आंबट होऊ लागते, आणि तेथे थर्मामीटरचा उपयोग दूध कोमट करण्यासाठी नसून विरजलेले भांडे पाण्यात ठेवून ते किती उतरले हे पाहण्यासाठी असतो. या कामाला एका अंशाची चूक सहज खपते. दूध ६३ अंशांवर अर्धा तास धरून पाश्चराइज करावयाचे असेल तर मात्र दोन अंश अधिक दाखवणारे यंत्र धोक्याचे आहे, कारण दूध पुरेसे तापलेच नाही हे ते लपवते. म्हणजे भरवसा हा यंत्राचा अंगभूत गुण नाही. ज्या कामासाठी ते वापरावयाचे त्या कामाला किती चूक सोसते, आणि आपल्या यंत्राची चूक किती व कोणत्या दिशेची आहे, या दोहोंच्या तुलनेतून तो ठरतो. ज्ञात चूक असलेला जुना थर्मामीटर हा अज्ञात चूक असलेल्या नव्यापेक्षा श्रेष्ठ होय, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढील सर्व विवेचन त्याच्याच समर्थनार्थ आहे.

आता दुरुस्तीकडे वळू. जुन्या थर्मामीटरची सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे पारा तुटणे. प्रवासात हिसका बसला, यंत्र आडवे पडून राहिले किंवा जमिनीवर आपटून सुदैवाने फुटले नाही, तरी केशनलिकेतील पाऱ्याचा स्तंभ मध्येच खंडित होतो आणि दोन तुकड्यांमध्ये रिकामी फट दिसू लागते. कधी तो तुटलेला अंश नळीच्या अगदी वरच्या टोकाला, तेथे ठेवलेल्या लहान पोकळीत, जाऊन चिकटतो. हा प्रकार अधिक घातक, कारण खालचा स्तंभ अखंड दिसतो, फट कोठेच दिसत नाही, आणि यंत्र सर्व मापावर सारखेच कमी दाखवीत राहते. म्हणून जुना थर्मामीटर हाती आला की प्रथम भिंग घेऊन नळीचे वरचे टोक पाहावे.

हा पारा जोडण्याचा उत्तम आणि निर्धोक उपाय म्हणजे थंडी. कुल्फीवाले बर्फात मीठ मिसळून जे मिश्रण करतात तेच घ्यावे. बर्फाच्या चुऱ्याचे तीन भाग आणि मिठाचा एक भाग असे प्रमाण घेतल्यास ते शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत सहज उतरते. यंत्र उभे धरून फक्त खालचा गोळा त्या मिश्रणात बुडवावा. पारा आकसत आकसत गोळ्यात उतरतो, तुटलेला तुकडाही त्यामागे सरकत येतो, आणि सगळा पारा गोळ्यात किंवा त्याच्या वरच्या लहान कप्प्यात जमला म्हणजे तळहाताच्या कडेवर यंत्राचे टोक हलकेच टेकवीत फटीतील वायू वर निघू द्यावा. पारा शून्याखाली ३८.८ अंशांवर गोठतो, तेव्हा मिठाच्या मिश्रणात तो गोठून गोळा तडकण्याचे भय नाही. मग यंत्र बाहेर काढून उभेच ठेवावे आणि हवेच्या उष्णतेने त्याला आपोआप वर येऊ द्यावे. घाईने कढत पाण्यात बुडवू नये. एका खेपेस पारा जुळला नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस जुळतो. याच्या उलट उपाय, म्हणजे पारा तापवून वरच्या पोकळीपर्यंत चढवणे आणि तेथे तुकडे एकत्र करणे, हाही जुन्या पुस्तकांतून सांगितलेला आढळतो. परंतु पोकळी भरून गेली की गोळा फुटतो, तापलेल्या पाऱ्याची वाफ श्वासात जाते, आणि चुलीच्या ज्वाळेवर हे करणे म्हणजे उघड अविचार होय. मी तो उपाय कोणासही सुचवणार नाही.

अंकांच्या खुणा पुसट झाल्या असतील तर त्या काचेवर कोरलेल्या आहेत की छापलेल्या, हे नखाने चाचपून पाहावे. कोरलेल्या असतील तर जवसाच्या तेलात काजळी खलून ती खाचांत चोळावी आणि वरचा लेप कोरड्या कागदाने पुसून टाकावा. खुणा पुन्हा स्पष्ट होतात. छापलेल्या खुणा गेल्या तर त्या गेल्याच. काही यंत्रांत काचेच्या बाह्य नळीत कागदाची किंवा दुधी काचेची पट्टी बसवलेली असते. ती पट्टी सैल होऊन खाली सरकलेली असेल तर सबंध मापच सरकते, आणि नेमकी हीच चूक डोळ्यांना दिसत नाही.

पारा जुळला, खुणा उजळल्या, म्हणजे दुरुस्ती झाली असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते येथे अर्धेच काम झालेले असते. तुटून वर अडकलेला पारा, सरकलेली पट्टी, आणि वयाबरोबर गोळ्याची काच किंचित आकसल्यामुळे ज्यूलला आढळलेला तो शून्याचा चढ, या तिन्ही दोषांचा परिणाम मापाच्या सर्व अंशांवर जवळजवळ सारखाच होतो, आणि म्हणून त्यांची एकत्रित चूक एकाच परीक्षेने पकडता येते. ती परीक्षा बर्फाची. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक कुटून तो खोल भांड्यात, किंवा थर्मास असल्यास त्यात, गच्च भरावा आणि फटी भरतील इतकेच थंड पाणी घालावे. पाणी अधिक झाले तर बर्फ वर तरंगतो आणि तळाशी चार अंशांचे पाणी साचते, कारण पाणी सर्वांत जड असते ते चार अंशांवर, आणि अशा भांड्यात गोळा तळाला टेकवणारा माणूस आपल्या निर्दोष यंत्राला तीन-चार अंशांची चूक चिकटवतो. आमच्या भागातील कूपनलिकांचे पाणी क्षारयुक्त असते. त्याचा बर्फ शून्याखाली दशांशाच्या आसपास वितळतो, तेव्हा शक्य असल्यास क्षार काढणाऱ्या गाळण यंत्रातील पाण्याचा बर्फ घ्यावा, परंतु दह्यादुधाच्या कामाला एवढ्या फरकाची चिंता नको. पारा शून्याच्या खुणेपर्यंत बर्फात बुडवून दहा मिनिटांनी, डोळा पाऱ्याच्या सरळ रेषेत ठेवून वाचन करावे. ०.६ दिसले तर त्या यंत्राच्या प्रत्येक वाचनातून ०.६ वजा करावे, बस्स. हा आकडा आणि तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती यंत्राच्या डबीत ठेवावी. जमाखर्चात मांडलेले देणे जसे धोक्याचे राहत नाही, तशी नोंदलेली चूक धोक्याची राहत नाही. वर्षातून एकदा, आणि पारा जोडल्यावर प्रत्येक वेळी, ही परीक्षा पुन्हा करावी. मात्र गुऱ्हाळावरून तापून आलेले यंत्र लगेच बर्फात घालू नये, कारण तापलेल्या गोळ्याची काच ताबडतोब मूळ आकारावर येत नाही आणि जुन्या काचेत शून्य काही दशांशांपर्यंत खाली बसलेला दिसतो. काही दिवस विसावा दिल्यावर तो वर येतो. जर्मनीत येना येथे १८८४ साली स्थापन झालेल्या काचेच्या प्रयोगशाळेने या दोषावर मात करणारी काच घडवली, त्यामुळे विसाव्या शतकातील चांगल्या थर्मामीटरांत तो पुष्कळ कमी आढळतो.

दुसरी परीक्षा उकळत्या पाण्याची, आणि मोहोळला येथेच सर्वाधिक घोटाळा होतो. शाळेत शिकवलेले शंभर अंश हे समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबाचे आहेत. हा सगळा प्रदेश समुद्रसपाटीहून साडेचारशे मीटरांपेक्षा अधिक उंच आहे. येथे हवेचा दाब कमी, आणि पाणी उकळते ते सुमारे ९८.५ अंशांवर. त्यातही हिवाळ्यापेक्षा पावसाळ्यात दाब आणखी उतरत असल्याने ऋतुमानाप्रमाणे दोनतीन दशांशांचा फरक पडतो. ज्याला हे ठाऊक नाही तो उकळत्या पाण्यात आपल्या थर्मामीटरला ९८.५ वाचताना पाहून तो दीड अंशाने खोटा ठरवतो, प्रत्येक वाचनात दीड अंश मिळवू लागतो, आणि खऱ्या साधनाला स्वतःच्या हाताने खोटे करतो. याच्या उलट, मोहोळात बरोबर शंभर दाखवणारा थर्मामीटर पाहून समाधान मानणारा माणूस दीड अंशाने फसलेला असतो. ही परीक्षा करावयाचीच तर गोळा पाण्यात न बुडवता वाफेत धरावा, भांड्याच्या तळाला तो लागू देऊ नये, आणि अपेक्षा ९८.५ ची ठेवावी.

तिसरी बाब गुऱ्हाळात दिसते, आणि तिच्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. काहिलीतला रस उकळून, मळी निघून, पाक दाट होत आला की गुळव्या त्याचा थेंब थंड पाण्याच्या भांड्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती भांड्याच्या काठावर आपटून आवाज ऐकतो. त्या आवाजावरून काहील उतरवायची की चुलवाणात आणखी चिपाड घालायचे हे तो ठरवतो. काकवीसाठी पाक १०५-१०६ अंशांच्या आसपास काढतात, ढेपेच्या गुळासाठी ११८ च्या जवळपास, आणि या वरच्या टोकाला एक-दोन अंशांनी गुळाचा कणखरपणा व रंग बदलतो. जुने प्रयोगशाळेचे थर्मामीटर पुष्कळदा संपूर्ण नळी द्रवात बुडलेली असेल असे गृहीत धरून आखलेले असतात. काहिलीत मात्र फक्त खालचा भाग पाकात असतो आणि वरची नळी हवेत. त्या उघड्या भागातील पारा थंड असल्याने पुरेसा प्रसरण पावत नाही आणि वाचन कमी येते. हिशेब असा : उघड्या पाऱ्याचे अंश, गुणिले पाक व उघडी नळी यांच्या उष्णतेतील अंतर, गुणिले ०.०००१६. ऐंशी अंश उघडे असतील, थर्मामीटर ११८ दाखवत असेल आणि नळीच्या भोवतीची हवा ४८ वर असेल, तर ८० गुणिले ७० गुणिले ०.०००१६, म्हणजे सुमारे ०.९, पाक खरोखर ११८.९ वर आहे. बर्फाच्या परीक्षेत पूर्ण उतरलेला थर्मामीटर गुऱ्हाळात जवळजवळ अंशभर मागे राहतो तो यामुळे, आणि गुळव्या व थर्मामीटर यांच्यात जो वाद होतो त्यात कित्येकदा गुळव्याचा कान खरा असतो. नळीवर खाली आडवी रेघ कोरलेली असेल तर यंत्र तेवढेच बुडवण्यासाठी आखलेले आहे असे समजावे आणि हा हिशेब करू नये.

इतर प्रकारांविषयी थोडक्यात. तापाचा थर्मामीटर या कोणत्याही कामाचा नाही : पारा खाली उतरू नये म्हणून त्याच्या नळीत मुद्दाम अरुंद गळा ठेवलेला असतो, आणि बेचाळीसच्या वर गेल्यास तो फुटतो, मे महिन्यात मोहोळच्या पत्र्याच्या घरात तो नुसत्या हवेनेच टोकाला जाऊन बसतो. लाल रंगाच्या अल्कोहोलचे थर्मामीटर अन्नाजवळ अधिक सुरक्षित, परंतु त्यांचा द्रव नळीला चिकटतो, वरच्या टोकाला बाष्प होऊन साचतो, आणि त्यांचा स्तंभ तुटल्यास गोळा खाली ठेवून हात झटकल्याने बहुधा जुळतो. तबकडीच्या थर्मामीटरला मागे लहान नट असतो. बर्फात ठेवून तो फिरवला की काटा शून्यावर येतो. विजेरीवरचे नवे यंत्र जलद आहे, पण बर्फाची परीक्षा त्यालाही चुकत नाही. संकलन केंद्रावर चरबीच्या तपासणीसाठी ६५ अंशांचे पाणी लागते, तेथे दोन अंशांची मुभा आहे. तेवढी मुभा जुन्या पाऱ्याला पुरेशी असते.

राहिला तो पाऱ्याचा धोका, आणि त्यात सौम्यपणा दाखवणे मला योग्य वाटत नाही. कोडाईकनाल येथील थर्मामीटरचा कारखाना पाऱ्याच्या कचऱ्यावरून २००१ साली बंद झाला. २०१३ च्या मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली आणि पाऱ्याची मोजमाप यंत्रे व्यवहारातून हटवण्याची दिशा त्याने ठरली. म्हणून जुना पारा जोडून वापरणे मला मान्य असले तरी तो उघडा दुधात किंवा पाकात बुडवणे मान्य नाही. दुधाचे भांडे पाण्याच्या भांड्यात ठेवून थर्मामीटर त्या बाहेरच्या पाण्यात ठेवावा. गुऱ्हाळात, जेथे हे शक्य नाही, तेथे धातूच्या आवरणाचा किंवा तबकडीचाच वापरावा, आणि पाऱ्याच्या यंत्राने फक्त त्या दुसऱ्या यंत्राची चाळीस व पासष्ट अंशांवर पाण्यात पडताळणी करावी. प्रमाण म्हणून कपाटात राहणे हे जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरचे आज सर्वांत योग्य काम आहे. तो अन्नात फुटला तर ते अन्न, कितीही मोलाचे असले तरी, टाकून द्यावे. जमिनीवर फुटला तर खिडक्या उघडाव्या, मुलांना बाहेर न्यावे, केरसुणी किंवा झाडण्याचे यंत्र मुळीच लावू नये. जाड कागदाच्या कडांनी थेंब एकत्र ढकलून ते काचेच्या बरणीत घ्यावे, फटींवर गंधकाची पूड टाकावी, बरणीत थोडे पाणी ओतून झाकण घट्ट लावावे, आणि ती घरच्या कचऱ्यात न टाकता घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे पोचती करावी.